कोर्टाच्या पायरीआधीची पायरी

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपल्याकडे लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. म्हण काही खोटी नाही. तारखा, हेलपाटे, फी आणि मनस्ताप यांचा अनुभव गाठीशी असल्याशिवाय कुणी असे बोलत नाही. पण या म्हणीत एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. कोर्टाची पायरी चढायची नसेल, तर तिच्याआधी दुसरी एक पायरी आहे, ती मात्र शहाण्याने चढलीच पाहिजे. ती पायरी म्हणजे जाणत्या माणसाचा सल्ला, आणि तोही वेळेवर घेतलेला. आज आपण याच पायरीविषयी, म्हणजे कायदेविषयक सल्लागाराविषयी बोलणार आहोत. हा माणूस कोण, वकिलाला त्याची मदत कशी होते, अशिलाला कशी होते, आणि त्याच्यावर कुठवर विसंबावे, हे आपण पाहू.

उदाहरणासाठी दूर जायला नको. सोलापुरातून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर औद्योगिक वसाहत आहे. आपण तिला सरळ अक्कलकोट रोड एमआयडीसी म्हणतो. १९६१ च्या कायद्याने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची योजना झाली, १ ऑगस्ट १९६२ रोजी ते स्थापन झाले, आणि त्याने राज्यभर ज्या वसाहती उभारल्या त्यांतलीच ही एक. इथे यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. टेरी टॉवेल विणले जातात, चादरी विणल्या जातात, आणि हा माल देशभर आणि देशाबाहेरही जातो. मागावर उभा राहणारा माणूस कधी शहराच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा असतो. कधी कुंभारी-वळसंगच्या बाजूचा, कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारा असतो. मालकही पुष्कळदा मागावरूनच वर आलेला असतो. सुताचा भाव, रंगाची कसर, मागाची दुरुस्ती त्याला डोळे मिटून कळते. कागद मात्र कळत नाही. आणि असा माणूस बुडतो तेव्हा तो मागावर बुडत नाही, कागदावर बुडतो.

आता समजा, अशाच एका छोट्या कारखानदाराने परगावच्या व्यापाऱ्याला सहा लाख रुपयांचे टॉवेल पाठवले. मागणी आली ती मोबाईलवरच्या निरोपाने. माल ट्रान्स्पोर्टने गेला. पैशाचे विचारले तर व्यापारी म्हणाला, "दिवाळी होऊ द्या, पाठवतो." दिवाळी झाली, संक्रांत झाली. शेवटी एकदाचा चेक आला. तो बँकेत भरला, आणि पैसे नाहीत म्हणून परत आला. कारखानदार म्हणाला, "जुनं गिऱ्हाईक आहे, एवढ्या तेवढ्यासाठी कशाला तोडायचं?" त्याने दोन-अडीच महिने वाट पाहिली. मग धीर सुटला, तेव्हा कागदांची पिशवी घेऊन तो वकिलाकडे गेला. वकिलाने तारखा पाहिल्या आणि विचारले, "अहो, इतके दिवस काय करत होता?"

वकिलाने असे का विचारले? चेक न वटल्याबद्दलची तरतूद १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा असा कडक आहे. पण तो वापरणाऱ्याकडूनही तो शिस्त मागतो. चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाली, की तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला पंधरा दिवस असतात. त्याने ते दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावी लागते. आपल्या कारखानदाराचे तीस दिवस केव्हाच उलटून गेले होते. चेकची स्वतःची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असती, तर तो पुन्हा भरून, पुन्हा परत आल्यावर नव्याने नोटीस देता आली असती. तीही मुदत गेली, की फौजदारीचा हा दरवाजा बंद होतो. मग उरतो तो दिवाणी दावा.

हे झाले दिवसांचे. नोटिशीतल्या आकड्याचेही तसेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये एका निकालात सांगितले, की नोटिशीत चेकचीच रक्कम मागितली पाहिजे. भलताच आकडा घातला आणि मागाहून टंकलेखनाची चूक झाली म्हटले, तर ते चालणार नाही. म्हणजे नोटीस लिहिणाऱ्याच्या हातून एक आकडा चुकला, तर सगळी फिर्याद कोसळू शकते. एक सोय मात्र आता झाली आहे. २०१५ सालच्या दुरुस्तीमुळे फिर्याद चेक घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात करता येते. सोलापूरच्या कारखानदाराचे खाते सोलापुरात असेल, तर त्याला व्यापाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

आता याच गोष्टीत एक जाणता सल्लागार पहिल्या दिवसापासून असता, तर काय झाले असते? चेक परत आला त्याच दिवशी त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाभोवती तांबडे वर्तुळ काढले असते. त्याच्याही आधी, माल निघायच्या वेळी, त्याने विचारले असते, "मागणी लेखी घेतली का? पैसे किती दिवसांत द्यायचे ते बिलावर लिहिले का? माल पोचल्याची सही कुठे आहे? उद्यम नोंदणी केली आहे का?"

या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व पुष्कळांना ठाऊक नसते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ साली एक कायदा झाला. त्याप्रमाणे अशा उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या दिवशी पैसे द्यायचे असतात, आणि करार कसाही असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे जाता येत नाही. काहीच ठरले नसेल तर माल स्वीकारल्यापासून पंधराच दिवस. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढते. पैसे मिळाले नाहीत, तर सुकरता परिषदेकडे अर्ज करता येतो, आणि समोरचा व्यापारी कुठल्याही राज्यातला असला तरी माल देणाऱ्याच्या ठिकाणची परिषद तो अर्ज चालवू शकते. परिषदेचा निवाडा विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला तो आव्हानित करायचा असेल, तर निवाड्याच्या पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागते. लहान माणसासाठी इतके बळकट हत्यार क्वचितच असते. मात्र त्यासाठी उद्योगाची नोंदणी झालेली असावी, आणि ती माल देण्याआधीच झालेली असणे शहाणपणाचे. नोंदणीला पैसे पडत नाहीत. भांडण लागल्यावर नोंदणीला धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

सल्लागार आणखी एक गोष्ट पाहतो, ती म्हणजे मुदत. उधारी ठरलेली नसेल, तर विकलेल्या मालाच्या किमतीसाठी माल दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात तसे आहे. पण त्याच कायद्यात एक दिलासाही आहे. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने "तुमचे इतके देणे आहे" असे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून दरवर्षी मार्चअखेर खात्याचा उतारा पाठवून त्यावर "बाकी मान्य" अशी सही आणावी. आपले जुने सावकार आणि पेढीवाले हे न शिकता करीत असत. आता ते बिलांच्या गर्दीत मागे पडले आहे.

इथवर अशिलाचे झाले. वकिलाला सल्लागाराचा काय उपयोग, ते आता पाहू. काही जणांना वाटते, की हा दोघांमध्ये बसलेला तिसरा, दोघांचे खाणारा. चांगला सल्लागार तसा नसतो. वकिलाकडे अशील येतो तो बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद कोंबून. त्यात लाइटबिल असते, लग्नपत्रिका असते, आणि त्यांच्याच मध्ये कुठेतरी दाव्याचा प्राण असलेली एक चिठ्ठी असते. वकिलाचा दिवस कोर्टात जातो. संध्याकाळी त्याच्यापुढे दहा अशील बसलेले असतात. ती पिशवी निवडायला त्याने वेळ कुठून आणायचा? सल्लागार ती निवडतो. कागद तारखेच्या क्रमाने लावतो. कोणत्या दिवशी काय झाले, याची एक पानाची यादी करतो. मूळ कागद कोणता, नक्कल कोणती, हे वेगळे करतो. हिशेब जुळवतो. आणि अशील रागाच्या भरात जे सांगायचे विसरला, ते हळूच विचारून काढून घेतो. असा तयार कागद हाती आला, की वकिलाची बुद्धी कायद्याच्या मुद्द्यावर लागते, कागद शोधण्यात खर्च होत नाही.

मोबाईलचेच पाहा. आजकाल अर्धा धंदा मोबाईलवरच्या निरोपांवर चालतो. भांडण झाले की माणूस त्या निरोपांचे कागदावर छाप काढतो आणि समजतो, की झाला पुरावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा छापील प्रतीसोबत ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. त्यात एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा असतो आणि दुसरा जाणकाराने. दरम्यान कुणी जुना मोबाईल मोडीत दिला, निरोप पुसून टाकले, तर मूळ नाहीसे होते. "तो फोन विकू नका, तसाच कपाटात ठेवा" एवढे वाक्य वेळेवर सांगणारा माणूस वकिलाचे निम्मे काम हलके करतो.

भाषेचीही एक अडचण असते, आणि सोलापुरात ती जास्त. अशील तेलुगूत किंवा कानडीत सांगणार, जिल्ह्याच्या कोर्टात मराठी चालणार, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले की सगळे इंग्रजीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात काम करू लागले आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. पूर्वी मुंबईची वाट धरावी लागे, ती आता कोल्हापूरपर्यंतच धरावी लागते. अंतर कमी झाले ही आनंदाची गोष्ट. पण कोल्हापूरच्या वकिलाने हा कारखाना पाहिलेला नसतो आणि अशिलाची बोलीही ऐकलेली नसते. इथली हकिकत तिथवर न सांडता पोचवायची, तर मधे दोन्ही बाजू जाणणारा माणूस लागतो.

हकिकत नीट मांडणे किती मोलाचे असते, याचा दाखला सोलापूरच्याच इतिहासात आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी गिरणी. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ती बंद पडली. हजारो माणसांचा रोजगार थांबला. तेव्हा सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून आणि मग कायदा करून गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे असे, की एकट्या याच कंपनीसाठी कायदा करणे हा भेदभाव आहे. ४ डिसेंबर १९५० रोजी तो हरला. पाचांपैकी तीन न्यायाधीश म्हणाले, की कायदा वैध आहे असेच धरून चालावे लागते. भेदभाव झाला हे दाखवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची होती आणि ती त्याने पार पाडली नाही. पुढे दुसरा भागधारक लढला. त्याच्याकडे भागांवरची राहिलेली रक्कम भरा, अशी मागणीच आली होती. आपली मालमत्ता मोबदला न देता घेतली जात आहे, हा मुद्दा त्याने धरला, आणि डिसेंबर १९५३ मध्ये तो जिंकला. गिरणी तीच, कायदा तोच. पण मुद्दा वेगळा धरला, वस्तुस्थिती वेगळी मांडली, आणि निकाल फिरला. हे काम त्या वेळी मोठमोठ्या कायदेपंडितांनी केले असेल. पण शिकायचे ते लहान माणसानेही शिकावे. कायदा आपल्या बाजूचा असून भागत नाही. तो आपल्या गोष्टीला लागू कसा पडतो, हे दाखवणारा पुरावा हाती असावा लागतो.

कारखान्याच्या जागेविषयी थोडे बोलू. वसाहतीतला भूखंड हा बहुधा महामंडळाने पंचाण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला असतो. शेत विकत घ्यावे तसा तो विकत घेतलेला नसतो. तो दुसऱ्याच्या नावे करायचा, किंवा शेड पोटभाड्याने द्यायची, तर महामंडळाची परवानगी लागते. पुष्कळ ठिकाणी काय होते? ओळखीतला माणूस म्हणतो, "माझी शेड मोकळी आहे, माग टाका, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करू." माग येतात, वीजजोडणी होते, दोन वर्षे सुखात जातात. मग भाव वाढतात आणि जागामालकाची नजर बदलते. तेव्हा कळते, की तो कागद कोर्टापुढे उभाच राहत नाही. श्रोतेहो, एक गोष्ट मनात पक्की धरा: नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. मुद्रांक कमी लावला असेल, तर फरक आणि दंड भरल्याशिवाय तो कागद पुराव्यात घेत नाहीत. सल्लागाराची थोडी फी वाचवायला जावे आणि उभे माग रस्त्यावर यावेत, असा हा हिशेब आहे.

आता दुसरी बाजू. सल्लागार म्हटला म्हणजे सगळेच सोने नसते, आणि चांगल्या सल्लागारालाही कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. पूर्वी आपल्याकडे वकील, प्लीडर, मुखत्यार असे कितीतरी प्रकार होते. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने ते मोडून वकिलीचा एकच वर्ग ठेवला. ज्याच्याकडे बार कौन्सिलची सनद आहे, तोच वकिली करू शकतो. सनद नसताना कोर्टापुढे वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय १३ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वकिली म्हणजे केवळ कोर्टात उभे राहणे नव्हे. कायद्याचा सल्ला देणे, मसुदे तयार करणे हेही वकिलीतच येते. तेव्हा 'कायदा सल्लागार' अशी नुसती पाटी पाहून भुलू नका. विचारा, "साहेब, आपल्याकडे सनद आहे का? नंबर काय?" हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. काही कामे सनदेशिवायही कायद्यानेच सोपवलेली आहेत, जसे वस्तू आणि सेवा कराचे प्रॅक्टिशनर, ट्रेडमार्कचे एजंट, कंपनी सचिव. त्यांनी आपापल्या हद्दीत काम करावे. कागद लावणारा, हिशेब जुळवणारा, तारखा सांभाळणारा माणूसही उपयोगाचा आहे. पण त्याने वकिलाच्या हाताखाली राहून हे करावे, वकील होऊन करू नये.

गुपिताचा मुद्दा तर फार नाजूक आहे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकील उघड करू शकत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चे तसे संरक्षण आहे. वकिलाचा दुभाषा, कारकून, नोकर यांनाही ते बंधन लागू आहे. मात्र पुढे गुन्हा करण्यासाठी केलेली मसलत त्यात येत नाही. स्वतंत्रपणे दुकान मांडलेल्या, सनद नसलेल्या सल्लागाराला हे कलम झाकत नाही. कंपनीत पगारावर असलेल्या कायदा अधिकाऱ्यालाही वकिलासारखे हे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी म्हटले आहे. याचा अर्थ काय? बिल-पावतीचे काम सल्लागाराला सांगा. पण पोलिसांची पायरी दिसू लागली, कुणाला इजा झाली, कुणी फसवणुकीचा आरोप केला, तर मन मोकळे करायचे ते सनद असलेल्या वकिलापुढेच.

पैशाचेही दोन शब्द. "केस जिंकली तर निम्मे माझे" असा सौदा वकिलाला करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनी तो मना केला आहे. जो असा सौदा मांडतो, तो पहिल्याच दिवशी नियम मोडतो, हे ओळखावे. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवून दिले आहे. मग सल्लागाराला तरी ते कसे अडवता येतील? तरीही मूळ कागद शक्यतो आपल्यापाशी ठेवावेत, नकला द्याव्यात, आणि मूळ दिलेच तर पोच घ्यावी. आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा? कधीही नाही. समोर कितीही गोड बोलणारा असो, सख्खा मेहुणा असो.

आतापर्यंत आपण बोललो ते बहुतेक मालकाच्या बाजूने. तुमच्यातला एखादा विचारील, "मालकाला सल्लागार परवडतो हो. आम्ही मागावर उभे राहणारे, विड्या वळणारे. आमचा सल्लागार कोण?" प्रश्न रास्त आहे, आणि आजच्या विषयाचे खरे मोल इथेच ठरते.

१८ मे २०२५ च्या पहाटे याच वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे दगावली. त्यांत मालक होते, त्यांच्या घरची माणसे होती आणि कामगारही होते. आगीने मालक आणि मजूर असा भेद केला नाही. गेलेली माणसे कुठल्याही कागदाने परत येत नाहीत. पण कुठल्याही कारखान्यातल्या कुठल्याही अपघातानंतर मागे राहिलेल्या घरापुढे काही दिवसांतच एक प्रश्न उभा राहतो: आमचा माणूस इथे कामाला होता आणि त्याला इतका पगार होता, हे दाखवणारा कागद कुठे आहे? नेमणूकपत्र नसेल, हजेरीवर नाव नसेल, पगार हातोहात दिलेला असेल, तर भरपाईच्या वाटेवर पहिल्याच पावलाला ठेच लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत, आणि त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देण्याचे बंधन आहे. मालकाच्या सल्लागाराने हे मालकाला सांगावे, विम्याचे आणि आगप्रतिबंधाचे कागद वर्षातून एकदा तरी उघडून पाहायला लावावेत. ते सांगण्यात मालकाचेही हित आहे. मालकाला अडचणीत न आणणारा सल्ला कामगारालाही तारतो. जो सल्लागार फक्त पळवाटा दाखवतो, तो मालकाचाही मित्र नव्हे.

कामगाराने आपल्या बाजूने काय करावे? पहिला आधार संघटनेचा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेटाच्या बोलणीत वकिलाला मज्जाव होता. कामगाराच्या वतीने संघटनेचा कार्यकर्ता बोलत असे. एका बाजूला नामांकित वकील आणि दुसऱ्या बाजूला मागावरून उठून आलेला माणूस, अशी विषम कुस्ती होऊ नये, हा त्यामागचा विचार. तो कायदा जाऊन आता औद्योगिक संबंध संहिता आली. तिनेही हे तत्त्व कायम ठेवले आहे.

दुसरा आधार सरकारी विधी सेवेचा. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, कोठडीतले कैदी आणि औद्योगिक कामगार या सर्वांना त्याप्रमाणे मोफत कायदेविषयक मदत मिळते. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. विडी वळणारी बाई आणि मागावरचा कामगार हे दोघेही या यादीत सरळ बसतात. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. तिथे साधा अर्ज करावा. जाणे जमत नसेल तर १५१०० हा दूरध्वनी क्रमांक लक्षात ठेवावा. हेच प्राधिकरण लोकअदालतही भरवते. तिथे दोघांच्या राजीखुशीने झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकुमनाम्याचे बळ असते, तिच्यावर अपील नसते, आणि चालू दाव्यातली कोर्ट फी परत मिळते. पण राजीखुशी म्हणजे खरोखर राजीखुशी. कागद वाचून घेतल्याशिवाय, समजून घेतल्याशिवाय तिथेही सही करू नये.

तिसरा आधार मात्र आपल्यातूनच उभा राहायचा आहे, आणि इथे आमच्या शिक्षक बंधुभगिनींना मुद्दाम सांगणे आहे. २००९ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांची योजना आखली. स्वयंसेवक म्हणून कोणाला घ्यावे, याच्या यादीत शिक्षक आहेत, सेवानिवृत्त शिक्षकही आहेत. अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या भगिनीही आहेत. त्यांना प्रशिक्षण दिले जाते. त्यांनी कोर्टात भांडायचे नसते. लोकांना हक्क समजावून सांगायचा, अर्ज लिहून द्यायचा, योग्य कार्यालयाचा दरवाजा दाखवायचा, एवढेच काम. गावात नोटीस आली की माणूस पहिल्यांदा कुणाकडे धावतो? मास्तरांकडे किंवा बाईंकडे. "गुरुजी, हे काय आलंय बघा की." ते वाचून दाखवताना त्यातली तारीख ठळक करून सांगितली, "या दिवसाच्या आत वकील गाठा, घरी ठेवून देऊ नका" एवढे बजावले, तरी त्या घरावर मोठे उपकार होतात. नोटीस म्हणजे अपमान नव्हे आणि शिक्षाही नव्हे. ती उत्तराची मागणी आहे. उत्तर न देणे हाच मोठा तोटा.

शाळेतही हे थोडे शिकवता येईल. सातवी-आठवीच्या मुलांना पावती कशी लिहावी, तारीख का घालावी, 'मिळाले' आणि 'मान्य' या दोन शब्दांत फरक काय, हे एका तासात सांगून होते. पत्रलेखन आपण शिकवतोच. त्यातले एखादे पत्र "माझे थकलेले पैसे द्यावेत" असे असू द्या. उद्या यांतलीच मुले कुणी मागावर जातील, कुणी टॉवेलचा कारखाना काढतील, कुणी सनद घेऊन कोर्टात उभी राहतील.

श्रोतेहो, मागावर कापड होते ते उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही धाग्यांनी. न्यायाच्या कामातही वकिलाचे कायद्याचे ज्ञान हा एक धागा आणि अशिलाची खरी, कागदाने सिद्ध झालेली हकिकत हा दुसरा. हे दोन धागे एकमेकांत नीट बसवून देणे, ते तुटू न देणे, हे सल्लागाराचे काम. त्याने ते प्रामाणिकपणे केले, आपली हद्द ओळखून केले, तर पुष्कळ भांडणे कोर्टाच्या दारापर्यंत पोचणारच नाहीत. जी पोचतील, ती तरी लवकर निकालात निघण्याची आशा धरता येईल. म्हणून व्यवहार करताना लिहून घ्या, लिहिलेले जपून ठेवा, तारीख चुकवू नका, आणि शंका आली की त्याच दिवशी जाणत्याला विचारा.